लावे मारायचा परवाना आणि म्हाताऱ्याची स्काउट

माझ्या पाकिटात सध्या ॲरिझोना राज्याचा शिकारीचा परवाना आहे. ज्याची आजवरची सर्वात मोठी शिकार म्हणजे कुडाळच्या बाजारात घासाघीस करून पदरात पाडलेली सुरमई, त्या माझ्या. आईला अजून सांगितलेलं नाही.

सुरुवात झाली शेजारच्या म्हाताऱ्यापासून. एका शनिवारी सकाळी, ऊन चढायच्या आत, तो गराजमध्ये टेबलावर रायफल ठेवून पुसत बसला होता. मी कचऱ्याचा डबा आत ओढत होतो. थबकलोच. रायफल म्हणजे लांबलचक, खांद्यावर मिरवायची वस्तू, हे आपल्या डोक्यात पक्कं. ही मात्र आखूड, काळी आणि गुटगुटीत, जेमतेम माझ्या चौथीतल्या लेकीच्या छातीपर्यंत येईल एवढी. दुर्बीण भलतीच पुढे, नळीवर चढवलेली, जणू बसवणाऱ्याचा अंदाज चुकला असावा.

"बघायचीय?" म्हणाला. मी हात पुढे केला आणि त्याने रायफल मागे घेतली. "तू ग्रीन कार्डवर आहेस ना?"

म्हटलं, "नाही, एच-वन-बी."

त्याने ती शांतपणे टेबलावर ठेवून दिली.

मला मनापासून राग आला. इथे टॅक्स भरतो, घराचे हप्ते भरतो, त्याच्या कुत्र्याला त्याच्या गैरहजेरीत फिरवून आणतो, आणि साधी वस्तू हातात घ्यायला व्हिसा? पण म्हातारा नियमाला पक्का. इथला केंद्रीय कायदाच तसा आहे. माझ्यासारख्या तात्पुरत्या व्हिसावर आलेल्याने बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगायचं नाही. आणि मग तो कायदाच मागच्या दाराने सांगतो, की तुमच्याकडे एखाद्या राज्याचा वैध शिकार परवाना असेल तर चालेल. म्हणजे मी कागदाच्या लक्ष्यावर गोळी झाडणार असेन तर धोकादायक परदेशी, आणि सशावर झाडायची परवानगी खिशात असेल तर सभ्य गृहस्थ! यामागचं तर्कशास्त्र मी चार जणांना विचारलं. चौघांनी खांदे उडवले. दुकानात बंदूक घेताना भरायचा जो फॉर्म ४४७३ आहे, त्यातसुद्धा हा व्हिसाचा प्रश्न आणि हा अपवाद रीतसर छापलेला आहे. आपल्याकडे असला नियम निघाला असता तर आपणच त्यावर वर्षभर विनोद केले असते.

परवाना काढायला किती वेळ लागला? ऑनलाइन, चहा गार व्हायच्या आत. ससे, लावे वगैरे बारीकसारीक शिकारीची मुभा, मुदत ३६५ दिवस. माझ्या काकांना शेतीसंरक्षणाच्या बंदुकीच्या परवान्यासाठी तलाठी, पोलीस ठाणं आणि प्रांत असे किती हेलपाटे पडले होते ते आमच्या घरात अजून सांगितलं जातं. रानडुकरं भात लोळवून जातात, माकडं नारळ पाडतात, तरी प्रत्येक निवडणुकीची आचारसंहिता लागली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा. डुकरांना आचारसंहिता नसते, हा काकांचा ठरलेला विनोद. तरी सांगतो, मला काकांचे हेलपाटेच बरे वाटतात. का, ते पुढे.

परवाना छापून घेतला आणि पुढच्या रविवारी म्हाताऱ्याबरोबर बेन एव्हरीला गेलो. फीनिक्सच्या उत्तरेला राज्याच्या वन्यजीव खात्याचं प्रचंड मोठं नेमबाजीचं मैदान आहे. त्या शिस्तीने मी चाट पडलो. मधूनमधून गोळीबार थांबवायचा पुकारा होतो. सगळ्यांनी बोल्ट (गोळी आत सरकवायची खिटी) उघडे ठेवून मागे सरायचं, आणि लोक लक्ष्यं बदलायला पुढे गेले असताना कोणी बंदुकीला बोटसुद्धा लावायचं नाही. पोटं सुटलेले, टोप्या उलट्या घातलेले तरणेबांड गडी निमूट हात बांधून उभे. आपल्याकडे एवढी शिस्त फक्त आरतीच्या ताटासमोर दिसते.

आता रायफलीबद्दल. रुगर कंपनीची गनसाइट स्काउट, २०११ मध्ये बाजारात आली. नळी साडेसोळा इंच, गोळी .३०८ विंचेस्टर, वजन सव्वातीन किलोच्या आसपास, मॅगझिन दहा गोळ्यांचं. कल्पना मात्र जुनी, जेफ कूपर नावाच्या, अमेरिकेच्या मरीन कोअरमधल्या एका माजी लेफ्टनंट कर्नलची. १९८० च्या दशकात त्याने मांडलं, की एकट्या भटकणाऱ्या टेहळ्याला, म्हणजे स्काउटला, एकच रायफल पुरली पाहिजे. लांबी मीटरभराच्या आत, वजन तीन किलोच्या आसपास. दुर्बीण पुढे यासाठी, की दोन्ही डोळे उघडे ठेवून नेम धरता यावा आणि वरून गोळ्या भरायला जागा मोकळी राहावी. त्याची गनसाइट ही नेमबाजीची शाळा इथून दोनेक तासांवर पॉलडनला आहे. म्हातारा तिथे जाऊन आलाय आणि ते दर दहा मिनिटांनी सांगतो.

दोन डोळे उघडे ठेवून नेम धरणं मला जमेना. सावंतवाडीला कॉलेजात असताना एनसीसीत पॉइंट टू-टू चालवली होती. तिथे उस्तादजींनी डावा डोळा मिटायला शिकवलं आणि तो तेव्हापासून आपोआप मिटतो. म्हातारा म्हणाला, "दुर्बिणीकडे बघूच नकोस, लक्ष्याकडे बघ." तिसऱ्या गोळीला एकदम जमलं. समोर सगळं मैदान मोकळं, आणि त्याच्या मधोमध काळी फुली नुसती तरंगतेय. गंमत वाटली, खोटं कशाला बोलू. धक्का सोसण्याजोगा, आवाज मात्र भयंकर. आखूड नळीमुळे बार कानाशीच फुटतो. कानावर कप असूनही शेजारच्या बाकावरचा माणूस दचकला आणि मीच त्याला सॉरी म्हटलं.

मग म्हाताऱ्याने दुसरी पेटी उघडली. "ही तुमची." आत लांब, जड, लाकडी रायफल. पट्टीवर कोरलेलं: आर. एफ. आय., २ए१. रायफल फॅक्टरी, ईशापूर! बासष्टच्या युद्धानंतर बंगालमध्ये जुन्या ब्रिटिश एनफिल्ड रायफलीच्या घाटावर ७.६२ च्या गोळीसाठी बनवलेली. तिकडून निकालात निघालेल्या इथे ढिगाने आल्या. घशात काहीतरी आलं. मायदेशात ही माझ्या हाती येणं शक्य नाही, ७.६२ आपल्याकडे प्रतिबंधित बोअर, आणि इथे कुंद्याजवळच्या पितळेला कुणीतरी ब्रासो लावून चकाकवलंय.

दोन्ही बोल्ट लागोपाठ चालवून बघितले, आणि त्या सकाळचं सगळ्यात जास्त काही लक्षात राहिलं असेल तर ते हेच. रुगरच्या बोल्टची मूठ वर उचलताना अडते, कारण स्प्रिंग तेव्हाच ताणली जाते. मग पुढे लोण्यासारखी जाते. ईशापूरची मूठ अलगद वर येते, उचलावीही कमीच लागते, आणि विरोध करते ती पुढे ढकलताना, शेवटच्या इंचाला. तिथे तळहाताने रेटा द्यायचा. तो रेटा एकदा हाताला कळला की ती रुगरपेक्षा चपळ. शिवाय मॅगझिन बारा गोळ्यांचं. म्हाताऱ्याला हे मी दोनदा ऐकवलं. तो म्हणाला, "वजन?" मी विषय बदलला. ती चार किलोंच्या पुष्कळ वर आहे, आणि नळी सव्वापंचवीस इंच.

मग सीएसटी आठवलं. २००८ ची ती रात्र, आणि आपल्या पोलिसांच्या हातातल्या याच एनफिल्डच्या घराण्यातल्या त्या जुन्या पॉइंट थ्री-झीरो-थ्री. हे मात्र मी त्याला सांगितलं नाही.

संध्याकाळी काकांना व्हिडिओ कॉलवर फोटो दाखवले. दहा गोळ्यांचं मॅगझिन ऐकून म्हणाले, "मगे डुकर खंय रवतलो!" मग किंमत विचारली. एका गोळीला डॉलरभर पडतो म्हटल्यावर म्हणाले, "तेच्यापेक्षा भात गेलेला परवडला."

लेक मागे उभी राहून ऐकत होती. शाळेत कुणी बंदूक घेऊन शिरला तर काय करायचं, याचा तिच्या शाळेत अधूनमधून सराव होतो, दिवे बंद, दार लावून घ्यायचं, कोपऱ्यात गप्प बसायचं. चौथीतल्या पोरांना ते कसं समजावतात मला माहीत नाही, पण ती शिस्तीत ओळखीचं काहीतरी सांगावं तसं सांगते. "बाबा, तू ज्या आवाजाचा सराव केलास, तोच?" तिने विचारलं. मी म्हटलं, ही वेगळी, एकेक गोळीची, बोल्ट ओढायला लागते. उत्तर खरं होतं. तिला पटलं असावं. मला स्वतःला ते म्हणताना जरा घाई झाली. काकांचे हेलपाटे बरे वाटतात ते यामुळेच.

बंदूक मी घेणार नाही, एवढं ठरलंय. परवाना मात्र आहे तो वापरायला हरकत काय, वर्षभराचे पैसे भरलेत. पुढच्या महिन्यात पुन्हा जाऊ, असं म्हातारा म्हणाला, आणि मी हो म्हणून बसलोय.

एनसीसीत पाच गोळ्या मिळायच्या आणि पाच खोके, म्हणजे झाडलेल्या गोळ्यांच्या रिकाम्या पुंगळ्या (राजकारणातले खोके नव्हेत), मोजून परत द्यावे लागायचे. एक हरवला की सगळी पलटण गवतात ओणवी. इथे खोके पायाखाली तुडवत चालायचं. म्हातारा आपले उचलून पिशवीत टाकतो, घरी पुन्हा भरायला. त्यातला एक नकळत माझ्या खिशात राहिला आणि वॉशिंग मशीनमध्ये खडखडला. बायकोने तो स्वयंपाकघराच्या खिडकीत कढीपत्त्याच्या कुंडीजवळ उभा करून ठेवलाय. डिसेंबरात कुडाळला निघताना बॅगांचे सगळे कप्पे आपण स्वतः झाडणार, तुझ्यावर सोडणार नाही, असं तिने आत्तापासूनच बजावलंय.