तुम्ही विचारलंत म्हणून: अजून लॉकहार्टलाच का?

पुण्याहून फोन आला की ख्यालीखुशाली संपायच्या आत प्रश्न येतोच. "वहिनी, दादा गेले, लेक डॅलसला. त्या खेड्यात एकट्या कशाला राहता? परत या." आजवर "बघू" म्हणून वेळ मारून नेली. आता एकदाच सविस्तर सांगते.

पहिलं म्हणजे, लॉकहार्ट खेडं नाही. टेक्सासातल्या कॉल्डवेल काउंटीचं ते मुख्यालय आहे, ऑस्टिनपासून 30 मैलांवर. चौकात 1894चं कोर्ट उभं आहे. चुनखडीचा दगड, मध्ये लाल दगडाचं काम, वर घड्याळाचा मनोरा. खटले हल्ली दक्षिणेकडच्या दुसऱ्या इमारतीत चालतात. जुन्या इमारतीत कमिशनर्स कोर्ट भरतं, म्हणजे आपली जिल्हा परिषदच म्हणा. काउंटी जज, चार कमिशनर, आणि चर्चा रस्त्यांची नि बजेटची. मी कधीकधी मागच्या बाकावर जाऊन बसते. लायब्ररी 1899ची आहे. हो, आपलं नगर वाचन मंदिर 1848चं, ठाऊक आहे मला. त्याची पायरी तुमच्यापैकी कोणी शेवटची कधी चढलं, तेवढं सांगा.

विधिमंडळाने या गावाला टेक्सासची बार्बेक्यू राजधानी ठरवलंय आणि मी शाकाहारी. ओकच्या लाकडाचा धूर दोरीवरच्या कपड्यांत बसतो. त्याचं कौतुक करणार नाही, अजून डोकं उठतं माझं.

पण तुमच्या प्रश्नाचं उत्तर यात नाही.

हे गेल्यावर मृत्युपत्र कोर्टात सिद्ध करायचं होतं. इथे त्याआधी कोर्टाच्या दारावर नोटीस लागते आणि दहा दिवस उलटून पुढचा सोमवार येईपर्यंत सुनावणी होत नाही. वकीलबाई म्हणाल्या, नोटीस बघायला तुम्ही यायची गरज नाही. तरी गेले. ह्यांचं नाव, मधे सासऱ्यांचं नाव, आडनाव, सगळं नीट टाइप केलेलं. शेजारी घरांच्या लिलावाच्या नोटिसा, महिन्याच्या पहिल्या मंगळवारी बोली. कर्ज थकलेल्या माणसांच्या रांगेत ह्यांचं नाव. एका कोपऱ्याची टाचणी निघाली होती, ती मी परत नीट बसवली.

सुनावणी पाच मिनिटांची. उजवा हात वर करून शपथ घेतली. वकीलबाई विचारत गेल्या. मृत्यू कधी झाला? घटस्फोट झाला होता का? मृत्युपत्र नंतर रद्द केलं होतं का? आणि मधेच, मृत्यूसमयी त्यांचं कायमचं घर याच काउंटीत होतं ना? हा प्रश्न येणार हे आधी समजावलं होतं. नुसतं राहणं पुरत नाही, इथेच राहायचा इरादाही लागतो. मी "येस" म्हणाले. खाली सही केली.

आता ह्यांना तुम्ही ओळखता. कोथरूडचा फ्लॅट कोणी विकत घेतला? दर दिवाळीला "पुढच्या वर्षी कायमचे येतोय" असं कोण म्हणायचं? तेव्हा मीही त्यात सूर मिसळत होते. ती मी आज समोर असती तर म्हणाली असती, शपथेवर खोटं बोललीस. मी तिला म्हणते, खोटं कसं? मतदान इथे, कर इथे, आणि तिकीट मात्र दरवेळी जायचं-यायचं. ती म्हणते, त्याने इरादा ठरतो का? यापुढे आमचं दोघींचं जात नाही.

एवढं मात्र खरं की तुम्ही सगळे विचारता ते चहा घेता घेता, आणि मला शपथ घालून हा प्रश्न एकदाच विचारला गेला. तिथे मी दिलेलं उत्तर फोनवर कसं फिरवू? फिरवलं तर ह्यांचंही फिरतं.

कोथरूडच्या फ्लॅटचं म्हणाल, तर मेंटेनन्स मीच भरते आहे. सोसायटीने रीडेव्हलपमेंटचा संमतीचा कागद पाठवलाय, त्यात कायमचा पत्ता विचारलाय. भरून पाठवला की सेक्रेटरी तुम्हाला सांगतीलच, त्यांच्या पोटात काही राहत नाही.