राजकीय पोस्ट बघताना मनात काय होतं? मोजण्याचा माझा अनुभव

मानसशास्त्रातल्या एम.ए.च्या प्रबंधासाठी मी कोल्हापुरात एक काम केलं. निवडणुकीच्या दिवसांत मोबाईलवर येणाऱ्या राजकीय पोस्ट बघताना माणसाला काय वाटतं, ते मोजायचं. फेसबुकने २०१६ मध्ये लाईकच्या जोडीला राग, दुःख, हसू अशी बटणं दिली. त्यांचे आकडे सहज मिळतात, पण भरवसा कसा ठेवायचा? बटण चारचौघांना दिसतं. आणि कितीतरी जण आतून पेटलेले असूनही काही न दाबता पुढं जातात.

म्हणून दोन बोटांना सेन्सर लावायचे. मनात खळबळ झाली की घामाच्या ग्रंथी जाग्या होतात, त्वचेतून वीज सहज वाहते आणि पोस्ट दिसल्यावर एक ते तीन सेकंदांत स्क्रीनवरची रेघ चढते. एप्रिलच्या उकाड्यात खोली थंड ठेवणं हे वेगळंच काम होतं. गुऱ्हाळात चुलवाणावर राबणारे एक काका आले, त्यांच्या बोटांना इतके घट्टे की रेघ हलेचना. मग सेन्सर तळपायाच्या आतल्या बाजूला लावले, तिथं छान नोंद मिळाली.

पण रेघ खळबळ किती ते सांगते, कसली ते नाही. आपल्या नेत्याच्या सभेचा जल्लोष आणि विरोधकाची चीड, दोन्हींना ती सारखीच चढते. त्यासाठी प्रत्येक पोस्टनंतर ब्रॅडली आणि लँग या मानसशास्त्रज्ञांच्या १९९४ च्या लेखातली चित्रांची पट्टी पुढं करायची. हसऱ्यापासून उदासापर्यंतच्या बाहुल्यांतली आपली कोणती, त्यावर खूण करायची. वाचता न येणाऱ्या आजींनाही ती जमते.

प्रयाग चिखलीच्या एका ताईंना २०१९ च्या महापुराचा फोटो असलेली प्रचाराची पोस्ट दाखवली. रेघ एकदम वर. खूण सगळ्यात उदास बाहुलीवर.

"मजकूर वाचला का ताई?"

"न्हाई बाई. आमचं घर असंच बुडालं हुतं की."

मी मशीन थांबवलं, पाणी दिलं. संमतीपत्रात कधीही उठून जायची मुभा होती, तीही परत सांगितली. त्या म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे, दाव पुढचं."

पुढं तोच फोटो होता, प्रचाराचा मजकूर काढलेला. प्रत्येक पोस्टची अशी जोडी मी मुद्दाम केली होती, क्रमही माणसागणिक बदलत होते. ताईंची रेघ या खेपेलाही जवळजवळ तेवढीच चढली. ही जोडी नसती, तर पुराचं दुःख मी पक्षाच्या प्रचाराच्या खात्यावर जमा केलं असतं. प्रबंधात राजकीय मजकुराचा परिणाम म्हणून मी फक्त दोन नोंदींमधला फरक मांडला.