वजनाचा रकाना

डिसेंबरातला रविवार. जेवणं उरकून घर वामकुक्षीत गेलं होतं आणि मी लॅपटॉपसमोर बसून एका रकान्याकडे बघत होते. वय, उंची, पावलाची लांबी इथपर्यंत सगळं बिनबोभाट भरून झालं. पुढचा रकाना वजनाचा. मी एकसष्ट लिहिलं. मग जनाची नाही तरी मनाची म्हणून त्रेसष्ट केलं. तेवढ्यात बेंगळुरूहून लेकीचा मेसेज, ‘आई, स्कीचा फॉर्म भरतेयस ना? वजन खरं लिही.’

पोरगी गुलमर्गला जाऊन स्कीचा कोर्स करून आलीय, त्यामुळे या विषयात घरात तिचा शब्द शेवटचा. तिनं फोन करून समजावलं. स्की भाड्यानं देणारे लोक वजन उगीच विचारत नाहीत. बूट स्कीला, म्हणजे बर्फावरून घसरायच्या लांब पट्टीला, जखडून ठेवणारी बाइंडिंग नावाची एक खटकी असते. तुमचं वजन, उंची, वय, बुटाच्या तळव्याची लांबी आणि तुम्ही किती धसमुसळे आहात, हे सगळं तक्त्यात बघून तिची स्प्रिंग लावतात. तुम्ही आडवेतिडवे पडलात की ठरावीक जोराला खटकी उघडते आणि पाय मोकळा होतो. सैल राहिली तर चालत्या स्कीवरून पाय निसटणार. घट्ट राहिली तर ती उघडतच नाही, मग गुडघा जातो. आणि त्या तक्त्यात पन्नाशी उलटलेल्यांसाठी एक ओळ सरकवतात, म्हणजे खटकी थोडी आधीच उघडेल. पन्नाशीनंतर माणसाला लवकर सोडून द्यावं, असं तक्त्याचं मत आहे. आमच्या घरात ते अजून कुणाला पटलेलं नाही.

आजवर माझं वजन कुणी इतक्या गांभीर्यानं विचारलं नव्हतं. लहानपणी स्टेशनवरच्या काट्यावर नाणं टाकलं की जाड पुठ्ठ्याचं तिकीट पडायचं. एका बाजूला वजन, दुसऱ्या बाजूला भविष्य. आम्ही भविष्य वाचून तिकीट वहीत ठेवायचो. वजन आईनं बघायचं आणि ‘मशीन बिघडलंय’ म्हणायचं.

पावलाचं माप मात्र मी आनंदानं घेतलं. या बुटांचा नंबर म्हणजे सरळ पावलाची सेंटीमीटरमधली लांबी. भिंतीला टाच लावून उभं राहायचं, अंगठ्यापुढे पेन्सिलीची रेघ मारायची. कोल्हापूरला कुणी निघालं की आम्ही असंच वहीच्या कागदावर पाऊल काढून त्याच्या खिशात घालायचो. चप्पल बरोबर मापाची यायची आणि पहिले आठ दिवस बरोबर चावायची. स्कीचे बूटही चावतात म्हणे, शिवाय वर कड्या आवळून.

तर आल्प्स. पुण्यात बसून स्वित्झर्लंडमधल्या आल्प्सची सहल ठरवायची म्हणजे पहिली अडचण ही की आपल्या सुट्ट्या आणि त्यांचा बर्फ यांची गाठच पडत नाही. दिवाळीत तिकडे बर्फ नसतो, मे महिन्यात उरलेला नसतो. मी कनिष्ठ महाविद्यालयात शिकवते, फेब्रुवारी-मार्च बारावीच्या परीक्षेत जातात. नवरा बँकेत, त्याच्यापुढे मार्चमधल्या रजेचं नाव काढलं तर तो माझ्याकडे थकीत कर्जदाराकडे बघावं तसं बघतो. नाताळात दर आभाळाला. फेब्रुवारीत त्यांच्याच शाळांना स्कीची सुट्टी असते, तीही दर कँटनला, म्हणजे तिथल्या प्रांताला, वेगळ्या आठवड्यात. पोरांना बर्फात खेळायला सरकारी सुट्टी! आम्हाला पावसाची मिळायची, पण ती शाळेचं छप्पर गळायला लागल्यावर. शेवटी जानेवारीचा शेवटचा आठवडा हाती लागला, तोही नवऱ्यानं वर्षभर साठवलेल्या रजेतून.

मग व्हिसा. शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच चालणाऱ्या व्हिसाचा, अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो आणि त्याला निदान तीस हजार युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. विमा काढताना ‘यात स्की येतं का?’ असं मुद्दाम विचारावं लागतं, हे लेकीनं सांगितलं म्हणून कळलं. फोनवरच्या मुलानं मला दोनदा वय विचारलं आणि मग ‘मॅडम, तुम्ही स्वतः करणार?’ असं विचारलं. मी ‘हो’ म्हटलं. तो जरा वेळ गप्प होता.

आमच्या अण्णांचं प्रवासाचं एक शास्त्र होतं. कुठेही निघायचं म्हटलं की त्यांचा पहिला प्रश्न, ‘परतीची शेवटची एसटी किती वाजता?’ जायची गाडी कधी, तिथे बघायचं काय, हे नंतर. हरिहरेश्वरला गेलो तरी देवळात शिरायच्या आधी ते स्टँडवर जाऊन वेळापत्रक वाचून यायचे. तेव्हा चिडायचो. आता मीही विमानाची तिकिटं काढायच्या आधी वेंगनहून, म्हणजे आम्ही राहणार त्या डोंगरावरच्या गावाहून, खाली येणारी शेवटची गाडी शोधून काढली आणि मगच जिवाला शांत वाटलं. हा आजार रक्तातून उतरतो.

वेंगन निवडलं ते तिथे मोटारीनं जाताच येत नाही म्हणून. झुरिकच्या विमानतळाच्या पोटातच रेल्वे स्टेशन आहे. तिथून बर्न, मग इंटरलाकेन, मग लाउटरब्रुनेन आणि तिथून दातेरी रुळांवरची छोटी गाडी कड्यावर चढत गावात नेते. १८९३ पासून ती चढतेय. गाव समुद्रसपाटीपासून १२७४ मीटरवर, म्हणजे आपल्या महाबळेश्वराहूनही जरा खाली. हे वाचून मला धीर आला. महाबळेश्वरला मी मफलरसुद्धा न घेता गेलेली आहे. वरचं क्लायने शायडेग स्टेशन मात्र २०६१ मीटरवर, कळसूबाईच्याही चारशे मीटर वर, आणि त्याच्या डोक्यावर आयगर शिखराची काळी भिंत.

याच गावात दर जानेवारीत लाउबरहॉर्नची स्की शर्यत होते. साडेचार किलोमीटरच्या आसपासचा उतार, आणि मधल्या एका टप्प्यावर ती माणसं ताशी दीडशे किलोमीटरच्या वर जातात. आमचा आठवडा त्यानंतरचा. म्हणजे ते गेल्यावर आम्ही जाणार, निळ्या पाटीच्या, म्हणजे सगळ्यांत सोप्या, उतारावर, नांगर धरून. स्कीची टोकं आत वळवून, टाचा बाहेर फाकवून थांबायचं असतं, त्याला जर्मनमध्ये नांगरच म्हणतात. रोज संध्याकाळी हॉलमध्ये फरशीवर मोजे घालून मी याचा सराव करते. कामाच्या मावशी एकदा दारातून बघून गेल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी गुडघ्याला लावायचं तेल आणून दिलं.

वाचता वाचता एक गंमत सापडली. वेंगनच्या समोरच्या कड्यावर म्युरेन नावाचं गाव आहे. तिथे १९२२ साली आर्नल्ड लन या इंग्रज गृहस्थानं दोन-दोन काठ्यांमधून वळणं घेत जायची आधुनिक स्लालम शर्यत पहिल्यांदा मांडली. हे गृहस्थ जन्मले मद्रासला, १८८८ मध्ये! वडील हेन्री लन तिथे मिशनरी होते. ते पुढे विलायतेला परतले आणि इंग्रजांना हिवाळ्यात आल्प्सला नेणाऱ्या सहली काढायला लागले. म्हणजे परक्या मुलखात बसून आल्प्सची सहल ठरवायच्या या उद्योगाचे एक मूळपुरुष मद्रासची घामट हवा खाऊन गेलेले. मुलानं म्युरेनमध्ये क्लब काढला, त्याचं नाव कंदाहार. कारण काय, तर शर्यतीच्या करंडकाला कंदाहारचे लॉर्ड रॉबर्ट्स या इंग्रज सेनापतीचं नाव होतं. आणि त्याच सुमारास वेंगनच्या इंग्रजांनी स्वतःचा क्लब काढला, ‘डाउनहिल ओन्ली’. वर गाडीनं जायचं, खाली तेवढं घसरायचं. या क्लबाची मी मनानं आजीव सभासद आहे.

खाण्याचं लिहीत नाही. मेतकूट जाणार हे तुम्हाला ठाऊकच आहे.

खरं म्हणजे सांगायचं होतं ते वेबकॅमबद्दल. डोंगरावर जागोजाग कॅमेरे लावलेत आणि घरबसल्या बर्फ बघता येतो. हिवाळ्यात ते आपल्या साडेचार तास मागे असतात. माझी दुपारची दोनची वेळ म्हणजे त्यांचे सकाळचे साडेनऊ. गेला महिनाभर जेवणानंतर बडीशेप खाता खाता मी क्लायने शायडेग बघते. रात्री मोठाली यंत्रं फिरून उतार सपाट करून ठेवतात, त्यामुळे सकाळी बर्फावर बारीक समांतर रेघा असतात, एकीला लागून एक. पहिल्यांदा बघितल्यावर मला काही केल्या आठवेना हे कुठे पाहिलंय. आणि मग आठवलं. आजीनं सारवलेलं अंगण. ओल्या शेणात उमटलेल्या बोटांच्या अर्धगोल रेघा, त्यावर अजून कुणाचंही पाऊल नाही. आम्ही ओट्यावर एका पायावर उभे, आणि आजी हात धूत ओरडतेय, ‘वाळू दे रे, मेल्यांनो!’ कॅमेऱ्यात पहिला स्कीवाला त्या रेघांवरून गेला तेव्हा मी जवळजवळ ओरडलेच.

श्रीवर्धनला आमची वाडी. नारळ थोडे, पोफळी पुष्कळ. पोफळीची झावळी गळून पडते ती बुंध्याकडच्या रुंद सालीसकट. तिला आम्ही विरी म्हणतो. तिच्या द्रोणासारख्या खोलगट भागात एकानं मांडी घालून बसायचं, दुसऱ्यानं शेंडा धरून वाडीभर ओढत न्यायचं. ही झाली सभ्य गाडी. पण घरामागे डोंगराकडे चढत जाणारी पाखाडी होती आणि तिच्या कडेला गवताचा उतार. पावसाळा संपला की ते गवत वाळून असं गुळगुळीत होई की अनवाणी पाय ठरत नसे. एका ऑक्टोबरात माझ्या आत्तेभावाच्या डोक्यात आलं की ओढणाऱ्याची गरजच काय. ओली विरी चांगली घसरते, म्हणून त्यानं दोन विऱ्या रात्रभर हौदात बुडवून ठेवल्या. सकाळी आम्ही वर गेलो. तो म्हणाला, ‘तू आधी, तू हलकी आहेस.’ वजनाचा असा निर्मळ उल्लेख माझ्या आयुष्यात पुन्हा झाला नाही. मी विरीच्या कडा दोन्ही मुठींत धरल्या, त्यानं पाठीत एक धक्का दिला. पुढचं फार आठवत नाही. कानांत वारा होता, फ्रॉक तोंडावर होता, नांगर वगैरे काही ठाऊक नव्हतं. खाली शेणखताचा खड्डा होता. तोच आमचा ब्रेक.

आजीनं विहिरीवर नेऊन कळशीमागून कळशी ओतली. मी दात वाजवत म्हणत होते, ‘परत जायचं, परत जायचं.’

हे सगळं आठवत मी बसले होते आणि समोर वेबकॅम चालू होता. वरती बर्फ ठीक होता, पण मग मी गावाजवळचा कॅमेरा लावला. तिथे कुरण चक्क हिरवं. त्यातून यंत्रानं पाडलेल्या बर्फाचा एक पांढरा पट्टा तेवढा खाली आलेला, वाळत घातलेल्या धोतरासारखा. जानेवारीपर्यंत पडेल, असं लेक म्हणते. पडेलही.

का कोण जाणे, वाडीवर फोन लावला. काका आता त्र्याऐंशीचा आहे. ३ जून २०२०ला निसर्ग वादळ आलं तेव्हा आमच्या वाडीतल्या पोफळी काड्यापेटीतल्या काड्या सांडाव्यात तशा पडल्या होत्या. चाळीस-चाळीस वर्षांची झाडं. काकानं त्याच पावसाळ्यानंतर पुन्हा रोपं लावली. पोफळ धरायला सहा-सात वर्षं लागतात, हे त्याला ठाऊक होतं आणि स्वतःचं वयही. मी त्याला स्कीचं सांगितलं. तो म्हणाला, ‘घसरायला एवढ्या लांब?’ मी म्हटलं, ‘हो ना.’ मग विचारलं, ‘आपल्या नव्या पोफळींच्या विऱ्या गळायला लागल्या का रे?’

‘गळतायत की,’ काका म्हणाला. ‘गोळा करून चुलीत घालतो. बसायला कोण आहे?’

फोन ठेवला. फॉर्म अजून तसाच उघडा होता. मी त्रेसष्ट खोडून अडुसष्ट लिहिलं.