आरती थांबते, टाळ थांबत नाही

खरं सांगू, मी वारीला जाणारच नव्हते. सासूबाईंनी परस्पर दिंडीत दोघींची भिशी, म्हणजे वारीच्या खर्चाची वर्गणी, भरून टाकली आणि मला सांगितलं ते निघायच्या आठ दिवस आधी, तेसुद्धा दोन्ही बॅगांवर मार्करने नाव आणि दिंडीचा नंबर लिहून झाल्यावर. म्हटलं आई, माझा आता विश्वास राहिला नाही, मी येऊन काय करू. तर म्हणाल्या, "विश्वास नसला तर नसू दे, पाय आहेत ना?"

माझा नवरा 2021 च्या मे महिन्यात गेला. दुसऱ्या लाटेत. आधी बेड मिळेना, मिळाला तर ऑक्सिजनची बोंब, आणि अकराव्या दिवशी पहाटे फोन आला. चेहरासुद्धा धड बघायला मिळाला नाही. मागे राहिलं बिल, पतसंस्थेचं कर्ज, नववीतली मुलगी आणि आम्ही दोघी. त्या वर्षीही पायी वारी बंदच होती, माऊलींच्या पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या, सासूबाईंनी ते टीव्हीवर बघून हात जोडले आणि मला त्या जोडलेल्या हातांचा इतका राग आला की मी उठून आत निघून गेले. भेटायला येणारे म्हणायचे देवाची इच्छा, तो दयाळू आहे, तो बघतोय सगळं. बघतोय तर मग नुसता बघतच का बसलाय, हे मी कुणाला विचारलं नाही, मनात मात्र रोज विचारायचे.

तर 2022 ला दोन वर्षांनी वारी परत पायी निघाली. 21 जूनला आळंदीतून प्रस्थान. गर्दी अशी की माणूस चालत नाही, ढकलला जातो. आमची दिंडी रथामागची, पुढे पताकावाले, मग टाळकरी, मधे पखवाज, मग विणेकरी आणि मागे आम्ही बायका, कुणाच्या डोक्यावर तुळस, कुणाच्या डोक्यावर पाण्याचा हंडा. सासूबाईंनी अडुसष्टाव्या वर्षी तुळस घेतली आणि ती मला एकदाही दिली नाही. मी पण फार आग्रह केला नाही हो.

पुण्याहून सासवड हा सगळ्यात लांबचा टप्पा आणि नेमकी त्या दिवशी एकादशी, म्हणजे उपास. पोटात शेंगदाण्याचे दोन लाडू आणि केळं, वर दिवेघाट. रथाला जादा बैलजोड्या लावतात तिथे, तेव्हा तो चढतो, माणसांना कोण जोडी लावणार. घाटात माझ्या टाचेचा फोड फुटला आणि मी कठड्याला टेकून चक्क रडले, फोडासाठी नव्हे, सगळ्यासाठीच. सासूबाई थोडं पुढे जाऊन थांबल्या, मागे वळून बघितलं, समजूत घालायला काही आल्या नाहीत. तशाच डोक्यावर तुळस घेऊन उभ्या राहिल्या. मी उठेपर्यंत.

रात्री सासवडला तंबूत एक कॉलेजचा पोरगा वाटीत तेल घेऊन आला, माऊली पाय द्या म्हणाला आणि माझे घाणेरडे चिखलाचे पाय मांडीवर घेऊन चोळायला लागला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वर्षभरात मला कुणी हात लावला नव्हता. आधी कोविडची भीती म्हणून आणि नंतर, माहीत नाही, विधवा बाईला लोक जरा लांबूनच बोलतात.

पण मला लिहायचंय ते वाल्ह्याच्या मुक्कामाचं.

समाजआरती ज्यांनी बघितली नसेल त्यांच्यासाठी सांगते. संध्याकाळी पालखी तळावर आली की सगळ्या दिंड्या पालखीभोवती उभ्या राहतात आणि टाळ-मृदंगाचा नुसता कल्लोळ चाललेला असतो, शेजारच्याचं ऐकू येत नाही. मग शिस्त बघणारे चोपदार हातातला चोप, म्हणजे दंड, वर उचलतात आणि सगळं एका क्षणात बंद. एवढा मोठा समुदाय आणि एकदम चिडीचूप, अंगावर काटा येतो. मग हरवलं-सापडलं सांगतात, कुणाची पिशवी, कुणाचा चष्मा, दुसऱ्या दिवशी पालखी किती वाजता निघणार ते सांगतात आणि आरती होते.

त्या दिवशी मात्र चोप वर गेला, सगळं शांत झालं आणि एका दिंडीचे टाळ वाजतच राहिले. मला वाटलं यांना दिसलं नाही की काय, कसले बेशिस्त लोक. सासूबाई म्हणाल्या, "बेशिस्त नाही गं, तक्रार आहे त्यांची." म्हणजे पद्धतच अशी आहे की ज्या दिंडीची काही तक्रार असेल, पाण्याचा टँकर आला नाही, जागा नीट मिळाली नाही, चालायच्या क्रमावरून काही झालं, तर त्यांनी टाळ थांबवायचे नाहीत. मग चोपदार त्यांच्याकडे चालत जातात आणि काय झालं ते ऐकून घेतात. आणि तोपर्यंत आरती थांबते. माऊलींची आरती थांबते हो, कुणाच्या तरी टँकरसाठी! त्या दिवशी टँकरच होता म्हणे, मागच्या तळावर पोचलाच नव्हता. चोपदार गेले, ऐकलं, बोलणं झालं, टाळ थांबले, मगच आरती.

मी आरती म्हटलीच नाही. माझं डोकं तिथंच अडकलं होतं.

रात्री तंबूत झोप येईना तेव्हा सासूबाईंना विचारलं, आई तुम्हाला कधीच राग नाही का आला देवाचा? तुमचा तर मुलगा गेला. अंधारात बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "तो गेला त्या दिवशी मी विठोबाचा फोटो भिंतीकडे तोंड करून ठेवला होता, तुला कुठलं कळणार, तू कुठे शुद्धीवर होतीस. दुसऱ्या दिवशी पहाटे परत सरळ केला." का, म्हटलं. तर म्हणाल्या, "मग शिव्या कुणाला देऊ? पाठीला?"

आणि मग सांगत बसल्या, रोज पहाटे पाणी भरताना मी त्याला काय काय बोलते ते तू ऐकलंस तर मला घराबाहेर काढशील. माझ्या लेकराला नेलंस तेव्हा तुझी वीट हलली नाही का रे मेल्या. असलं सगळं. पलीकडे झोपलेली नांदेडकडची एक बाई जागीच होती, ती अंधारातून म्हणाली, आमची जनी तरी दुसरं काय करत होती, आणि हळू आवाजात चालू केलं, "अरे विठ्या विठ्या, मूळ मायेच्या कारट्या". तो अभंग मी शाळेपासून ऐकलाय, गमतीचा वाटायचा. त्याच्या शेवटी जनाबाई अंगणात उभी राहून देवाला शिव्या देते, आणि सातशे वर्षं झाली तरी वारकरी तो भजनात म्हणतात, गाथेतून कुणी काढून टाकला नाही की हे म्हणू नका असं कुणी म्हटलं नाही. तंबूतल्या आठ-दहा बायका एकेक करून त्यात मिसळल्या, झोपेतल्या आवाजात. प्रत्येकीचं काहीतरी होतंच. त्या नांदेडच्या बाईचं काय होतं ते तिने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

मी सासूबाईंच्या जोडलेल्या हातांकडे बघून वर्षभर चिडत होते आणि मला वाटत होतं की या बाईने सगळं मुकाट्याने मान्य करून टाकलंय. तसं नव्हतंच काही. ऐकायला येणारा कुणीतरी आहे असं ज्याला वाटतं तोच टाळ वाजवत ठेवतो ना, नाहीतर कशाला हात दुखवून घेईल. माझेच टाळ बंद पडले होते. मी तक्रार पण सोडून दिली होती आणि त्याला मी शहाणपण समजत होते.

यानंतर मी फार बदलले वगैरे काही नाही. दुसऱ्या दिवशी नीरा नदीत पादुकांना स्नान झालं, मी लांबून बघितलं, पाय दुखतच होते. चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण झालं, म्हणजे वारकऱ्यांच्या रांगांमधून माऊलींचा घोडा दौडतो ते, तेव्हा घोडा शेजारून गेला आणि लोक त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावायला धावले, मी सासूबाईंना चेंगराचेंगरीतून बाहेर ओढत होते त्यामुळे मला फक्त धूळ दिसली. फलटण, बरड, नातेपुते, माळशिरस, त्या दिवसांचं मला सलग काही आठवत नाही, पाऊस, न वाळलेल्या साड्यांचा वास आणि पहाटे साडेतीनला उठवणारी शिट्टी. फक्त एक, चालता चालता मी विठोबाशी मनातल्या मनात भांडायला लागले होते. कर्जाच्या हप्त्यावरून सुद्धा. एकदा भांडता भांडता हसू आलं. सासूबाईंनी बघितलं आणि काही विचारलं नाही.

एकदा मात्र चालताना मी त्यांना म्हटलं, त्याची दया बिया कुठे दिसते का तुम्हाला अजून? म्हणाल्या, "अठ्ठावीस युगं झाली, तो काय बसलाय का? बसला असता तर म्हटलं असतं आराम करतोय. उभाच आहे ना." पटलं का? पूर्ण नाही पटलं. पण दिवेघाटात त्या तुळस घेऊन उभ्या होत्या ते आठवलं.

पंढरपुरात पायावरच्या दर्शनाची रांग बघूनच आम्ही नाद सोडला. चंद्रभागेत स्नान केलं आणि बहुतेक वारकरी करतात तेच केलं, लांबून कळस बघितला. दिंडी तिथेच रस्त्यात थांबली, भजन झालं, विणेकऱ्याने हात वर केला आणि टाळ थांबले. माणसं खाली वाकून माती कपाळाला लावत होती. तेवढ्यात सासूबाईंनी शेजारच्या टाळकरी पोराच्या हातातून टाळ घेतले आणि कळसाकडे बघून वाजवायला लागल्या. एकट्याच. लय नाही काही नाही, नुसतं खण खण खण. लोक बघायला लागले. तुळस पायाशी ठेवलेली, ती मी उचलली आणि डोक्यावर घेऊन त्यांच्या शेजारी उभी राहिले.

पोरगा थोडा वेळ थांबला, मग हळूच म्हणाला, आजी, द्या की टाळ, पुढं निघायचंय.

सासूबाई म्हणाल्या, "थांब रे. अजून आला नाही तो."