फाँट सापडेपर्यंत

एम.ए.ला असताना सर आणि आम्ही तिघं मिळून बोलींवर एक नियतकालिक इंटरनेटवर चालवायचो. २००० ते २००२, चारच अंक. जागा फुकट मिळायची म्हणून जिओसिटीज या वेबसाइट ठेवायच्या सेवेवर ठेवलेले. ऑक्टोबर २००९ मध्ये याहूनं ती सेवा बंद केली, तेव्हा आमच्यातल्या एकालाही आमच्या अंकांची आठवण झाली नाही. गेल्या वर्षी एका मुलीनं पीएच.डी.साठी त्यातला मालवणीवरचा लेख मागितला आणि आमची धावपळ सुरू झाली.

सरांनी फ्लॉप्या जपल्या होत्या, पण बुरशीनं त्यांचा निकाल लावला होता. वेबॅक मशीन या जुनी वेबपानं जपणाऱ्या साइटवर आमचा जुना पत्ता टाकला, तर तीन अंक निघाले. चौथ्याची नुसती अनुक्रमणिका. तिथली पानं उतरवताना वेबॅकची स्वतःची पट्टीही सोबत येते. पत्त्यातल्या चौदा आकडी तारखेला चिकटून 'आयडी' ही इंग्रजी अक्षरं आणि खालची रेघ टाकली की मूळ फाइल जशीच्या तशी मिळते. हे कळायला मला दोन रविवार लागले.

पण पडद्यावर मराठी कुठे होतं? डोक्यावर टोप्या नि टिंबं घेतलेली इंग्रजी अक्षरं नुसती. विंडोज ९८ वर देवनागरी युनिकोडची, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच ठरलेला संकेत देणाऱ्या पद्धतीची, सोय नव्हती, म्हणून तेव्हाचे फाँट इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवत. पानं राहिली, फाँट गेला. पानांच्या सोर्स कोडमध्ये त्याचं नाव होतं. फाँट स्वतः मिळाला एका डीटीपीवाल्या काकांच्या जुन्या मशीनवर.

मग तो मजकूर युनिकोडमध्ये आणणं. मी लिहिलेल्या पहिल्या स्क्रिप्टनं 'कवि'चं 'किव' आणि 'धर्म'चं 'धमर्' केलं. जुन्या फाँटात पहिली वेलांटी अक्षराआधी आणि रफार अक्षरानंतर टाइप केलेला. युनिकोडमध्ये नेमकं उलट. ते जमलं, तरी बोलीतल्या शब्दांना स्पेलचेकचा काय उपयोग? 'माका', 'खंय' सगळ्यांखाली लाल रेघ. शेवटी ओळ न् ओळ डोळ्यांनी तपासली.

आता मूळ पानं, फाँटचं नाव आणि युनिकोड प्रत एकत्र ठेवलीय. तपासताना माझ्याच लेखात एक उदाहरण चुकलेलं दिसलं. सरांना विचारलं, "दुरुस्त करू का?"

"मूळ प्रतीत हात घालू नकोस. खाली टीप दे, तारखेसकट."

चौथ्या अंकातले लेख कुणाच्या ईमेलमध्ये पडून आहेत का, ते अजून शोधतोय.