लेव्हलचा बुडबुडा सरकला

स्टुटगार्टजवळची साइट. तीन मजली लाकडी इमारत आणि दुसऱ्या मजल्यावर माझा रोबो: ट्रॅकवर चालणारं दीड टनाचं धूड, वर सहा सांध्यांचा हात. लाकडी स्लॅबवर आधीच पक्क्या केलेल्या तळपट्टीवर तो स्प्रूसचा एकेक खांब उभा धरणार, सुतार स्क्रू मारणार, मग तो पुढे सरकणार.

प्रयोगशाळेत हे सोपं जातं. झ्युरिकच्या ईटीएच या तंत्रविद्यापीठाने डीफॅब हाउस या प्रायोगिक घराच्या वरच्या मजल्यांसाठी ४८७ तुळया रोबोंकडून जोडून घेतल्या, पण ते हात वर छताशी टांगलेले होते. फिरता रोबोही त्याच घरासाठी राबला, मात्र पोलादी जाळी विणायला. फिरत्याचं पहिलं दुखणं म्हणजे आपण नक्की कुठे उभे आहोत, हे त्याला दर वेळी नव्याने शोधावं लागतं. आम्ही जिन्याच्या काँक्रीटवर टोटल स्टेशन, म्हणजे किरण सोडून अंतर आणि कोन मोजणारं यंत्र, लावलं होतं आणि रोबोच्या अंगावर तो किरण परत पाठवणारा प्रिझम. मला वाटलं, झालं.

भिंतीलगतचे दोन खांब चोख बसले. तिसरा, खोलीच्या मध्यावरचा, पट्टीच्या पाच मिलिमीटर वरच थांबला. रोबो मागे घेऊन पट्टी मोजली, तर उंची मॉडेलप्रमाणे तंतोतंत. पुढे आणला, पुन्हा फट. दोन तास प्रोग्रॅम उपसला. मोजायला जावं तर चूक गायब! शेवटी म्हटलं, फटीत पाचर ठोकू आणि पुढे जाऊ.

"पाचर नको," आमचे मेस्त्री म्हणाले. साठीचे, काळ्या कॉर्डरॉयच्या पँटमधले. त्यांनी पट्टीवर लेव्हल आडवी ठेवली. "आता आण त्याला. हळू."

रोबो सरकला तसा बुडबुडाही सरकला. आधी केसभर, मग पार रेघेवर जाऊन टेकला.

मेस्त्री म्हणाले, "पायाला सकाळपासून कळतंय."

रोबोच्या वजनाने स्लॅब वाकत होता, पट्टी त्याच्याबरोबर खाली जात होती आणि आमचा काटेकोर रोबो खांब कागदावरच्या उंचीला धरून बसला होता. पाचर ठोकली असती, तर तो मागे फिरताच स्लॅब वर आला असता आणि खांबाचा माथा पाच मिलिमीटर उंच गेला असता. वर तुळई बसली नसती. आमच्या कोकणातल्या घरी माडीवर कुणी चाललं की फडताळातले कप किणकिणायचे. ते ऐकत वाढलेल्या मला हे सुचू नये, याचं फार वाईट वाटलं.

खालच्या मजल्यावर टेकू लावले. प्रोग्रॅमही बदलला. आता रोबो पट्टीच्या जरा वर थांबतो, मनगटावरच्या सेन्सरने ती त्या क्षणी कुठे आहे ते पाहतो आणि तिथवर खांब उतरवतो. तो दूर गेला की उरलासुरला बाकही निघतो आणि माथा आपसूक उंचीला येतो.

संध्याकाळपर्यंत अकरा खांब उभे राहिले. प्रत्येकाच्या पायाशी मेस्त्रींनी लेव्हल ठेवली, आणि मी रोबो मागे घेईपर्यंत उचलली नाही.