फट्ट!

दुचाकीचा ट्यूबलेस टायर घरी बसवण्याची सगळी गंमत एका आवाजात आहे. टायरची आतली कड, जिला गॅरेजात बीड म्हणतात, हवेच्या रेट्याने सरकत जाऊन रिमच्या काठाला भिडते आणि ‘फट्ट’ होतं. थोड्या वेळाने दुसरी बाजू. नवखा माणूस दचकतो, मुरलेला मान डोलावतो. हे दोन्ही आवाज येईपर्यंत हात धुवायला जायचं नाही.

जुन्या बजाज चेतकचं काम सोपं होतं. चाक म्हणजे नटांनी जोडलेल्या दोन पत्र्याच्या वाट्या. आधी हवा पूर्ण सोडायची (हे विसरून नट सैल करणाऱ्याचं काही खरं नाही), मग नट काढले की वाट्या वेगळ्या आणि टायर हातात. हवा धरायला आत ट्यूब होतीच. ट्यूबलेसमध्ये तो भार टायर आणि रिमनेच वाहायचा असतो. म्हणून टायरला आतून ब्युटिल रबराचं अस्तर असतं, आणि बीड जागा सोडू नये म्हणून रिमवर बारीकसा उंचवटा. गुडरिच कंपनीच्या फ्रँक हर्झेग यांना या टायरचं अमेरिकन पेटंट १९५२ मध्ये मिळालं. जुना टायर रिमला घट्ट चिकटून बसलेला असला की हर्झेगसाहेबांची हटकून आठवण येते. तेव्हा मित्राची मोटरसायकल उपयोगी पडते: तिचा साइड स्टँड बीडपाशी टेकवायचा आणि गाडी हळूच त्यावर कलती करायची. करकर आवाज करत कड सुटते.

नवा टायर तासभर उन्हात ठेवला की नरमतो. तोवर बाकीचं पाहून घ्यावं. रिमवर ‘ट्यूबलेस टायर ॲप्लिकेबल’ असं कोरलेलं आहे ना? टायरवरचा बाण चाक फिरतं त्याच दिशेला आहे ना? पिवळा ठिपका असेल तर तो व्हॉल्वपाशी यायला हवा, कारण टायरचा सगळ्यात हलका भाग तो. बाजूवरच्या चार आकड्यांत जन्मतारीखही असते: २३२४ म्हणजे २०२४ सालचा २३ वा आठवडा. व्हॉल्व मात्र नवाच टाकावा, तिथे काटकसर नको.

खरी मेख पुढे. बीडमध्ये पोलादी तार असते आणि ती ताणली जात नाही. मग ती रिमवरून जाते कशी? रिमच्या मधोमध खोलगट खोबण असते. एकीकडची कड गुडघ्याने दाबून त्या खोबणीत उतरवली की समोरच्या बाजूला सैलपणा मिळतो. गादीला खोळ घालताना शेवटचा कोपरा चढत नसला तर आपण समोरचं कापड पुढे सारतो ना, तसंच. साबणाचं पाणी दोन्ही कडांना सढळ हाताने लावायचं, ग्रीस किंवा पेट्रोल नाही. रिमवर चरे पडू नयेत म्हणून तेलाच्या जुन्या कॅनची पट्टी कापून टायर लिव्हरखाली (कड रिमवर चढवायची लोखंडी पट्टी) ठेवायची आणि दोन-दोन इंच पुढे जायचं. जोर लावावा लागतोय, म्हणजे समोरची कड खोबणीतून वर आली. तिला परत खाली दाबायचं. मनगटातला जोर वाढवला तर बीड तरी फाटतं नाहीतर रिम तरी वाकते.

एवढं होईपर्यंत पार्किंगमध्ये प्रेक्षक जमतात. खालच्या मजल्यावरचे काका हमखास असतात. “पायपंपानेच भर की,” ते म्हणतात. पायपंपाची हवा येते त्यापेक्षा जास्त कडांमधून निघून जाते. उपाय असा की व्हॉल्वची पिन काढून ठेवायची, म्हणजे वाट मोठी होते, आणि टायरभोवती दोरी बांधून ती दांडक्याने पिळायची, म्हणजे मधला भाग आत दबून कडा बाहेर रेटल्या जातात. कॉम्प्रेसर असेल तर हवा झपकन शिरते. कड हवा धरायला लागली की दोरी सोडायची. आत काहीतरी फवारून काडी लावायचा व्हिडिओ कुणी ना कुणी दाखवतोच. त्याला चहा पाजावा आणि काडेपेटी काढून घ्यावी.

हवेला कमी लेखू नये. १००/९०-१७ मापाच्या टायरमध्ये ४० पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) दाब असेल तर एकेका बाजूवर आतून साधारण ४ टनांचा रेटा येतो. म्हणून बोटं लांब, तोंड बाजूला, नळी लांब, आणि टायरवर बीड बसवायला जेवढा दाब छापलेला असेल त्याच्या पुढे काटा न्यायचा नाही. आवाज आला नाही तर हवा सोडायची, पुन्हा साबण लावायचा. तरीही हटून बसला तर चाक उचलून सरळ पंक्चरवाल्याकडे. त्यात कसला आलाय कमीपणा!

दोन्ही फट्ट झाले की रिमच्या कडेने टायरवर दिसणारी बारीक रेघ सगळीकडे सारख्या अंतरावर आहे का ते बघायचं. मग काढलेली पिन परत, गाडीच्या पुस्तकातला दाब, आणि साबणपाण्यात बुडबुड्यांचा शोध. चाक लावल्यावर डिस्क ब्रेक दोन-चारदा दाबून घ्यायचा, नाहीतर पहिल्याच वळणावर ब्रेकची लिव्हर पोकळ लागते. नवं रबर गुळगुळीत असतं, पहिले दीडशे किलोमीटर बेतानेच.

“आता माझ्या स्कूटरचंही मागचं बघ ना रे,” काका म्हणाले. त्यांच्या स्कूटरचं मागचं चाक काढायला आधी सायलेन्सर उतरवावा लागतो. ते सांगितलं, तर म्हणाले, “मग दुपारी जेवूनच सुरू करू.”